अवकीर्णीचं व्हाय-व्हाय

पहिलं का : का सांगितलंस?

अवधूतने सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. संस्थेच्या विश्वस्तांचा त्याच्यावर मुख्य राग हाच होता.

चाकणच्या पुढे एका बाजूला सीट कव्हरचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे पार्ट दाबून काढणारं प्रेस शॉप आणि मधल्या पट्टीत ही वेदपाठशाळा. मोठा प्रेस आदळला की स्वयंपाकघरातली ताटं हलतात. मुलं त्याच ठोक्यावर संहिता म्हणायला शिकली आहेत. प्रेस देखभालीला बंद असला की त्यांची लय जाते. फाटकावर पाटी आहे : 'अखंड ब्रह्मचर्य, अखंड अध्ययन.' खाली बारीक अक्षरांत गुणवत्तेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक.

अवधूत इथे आला तेव्हा शाळकरी पोर होता. आता तेविशीत होता. पुढच्या महिन्यात त्याची घनान्त परीक्षा, म्हणजे वेदपठणातली सगळ्यात अवघड. पाठशाळेतून या परीक्षेला बसणारा तो पहिलाच. विश्वस्तांनी अभिनंदनाचा फ्लेक्स निकालाआधीच छापून घेतला होता. त्यावर अवधूतपेक्षा विश्वस्त मोठे होते.

एका सकाळी गुरुजींपुढे संथा म्हणत असताना तो मध्येच थांबला.

"गुरुजी, मी अवकीर्णी आहे."

अवकीर्णी म्हणजे ब्रह्मचर्य मोडलेला विद्यार्थी. हा शब्द गुरुजींनीच शिकवला होता, पण अर्थापुरता. तो कुणी वापरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी बाकीच्या मुलांना बाहेर पाठवलं.

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"तिने?"

"ती कशाला करेल?"

"मग तू कशाला करतोयस?"

"माझा स्वर लागत नाही, गुरुजी. वर जायला जातो आणि घसा खाली येतो. शास्त्रात प्रायश्चित्त दिलंय. ते झाल्याशिवाय मी परीक्षेला बसणार नाही."

गुरुजींनी उपरण्याने चष्मा पुसला. पुसलेलाच होता.

"अरे बाबा, सरळ सोडमुंज कर. लग्न कर. गृहस्थ होऊन परीक्षा दे. माझ्या गुरुजींना चार मुलं होती, आणि घन म्हणायला लागले की गाव थांबायचं."

"ते पुढचं झालं. मागचं कसं पुसायचं?"

अवधूतची अडचण अशी होती की त्याला सगळं पाठ होतं, आणि पाठ असलेलं सगळं त्याला स्वतःला उद्देशून लिहिलंय असं वाटायचं.

दुसरं का : का घडलं?

रविवारी विश्वस्त बसले. मुकुंद चिटणीस, सीट कव्हरच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मृदुलाताई दुसऱ्या एका कंपनीत एचआरला. बाळाजी म्हणजे ज्यांच्या रानावर पाठशाळा उभी आहे ते. गुरुजी खुर्चीत, अवधूत कोपऱ्यात उभा.

मुकुंदनी पांढऱ्या फळ्यावर पाच चौकोन काढले.

"हे आपलं व्हाय-व्हाय. कंपनीत पार्ट नापास झाला की आम्ही हेच करतो. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण हाताला लागतं. नियम एकच. माणसाचं नाव घ्यायचं नाही. दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो. 'कुणी' हा प्रश्न या खोलीत बंद."

"का घडलं, म्हंजी?" बाळाजी म्हणाले. "पोरगं जवान हाय."

"बाळाजीभाऊ, ते कारण होत नाही. जवानी हा कच्च्या मालाचा गुणधर्म झाला."

"कच्चा माल व्हय! आमी काय न्हवतो का कच्चा माल?"

"घडलं, कारण विद्यार्थी आवाराबाहेर होता. आवारात काहीही घडलेलं नाही. मृदुलाताई, हे ठळक लिहा."

"लिहिलं. बाहेर का होता?"

"वास्तुशांतींना जात होता. चिखलीच्या नव्या टॉवरमध्ये."

"कुनी धाडला?" बाळाजींनी विचारलं.

"'कुणी' नाही विचारायचं."

"तुमीच ऱ्हाता ना त्या टावरात?"

मुकुंदनी फळा पुसायचं फडकं हातात घेतलं, पुसलं काही नाही. "बरं, पुढचं का. एका टॉवरमध्ये इतक्या वेळा का जावं लागलं?"

इथे अवधूत बोलला. प्रत्येक फ्लॅटमध्ये छताला धूर ओळखणारं यंत्र होतं. हवन पेटलं की भोंगा वाजायचा, सुरक्षारक्षक धावत यायचे, संकल्प अर्धवट राहायचा. मग दुसरा मुहूर्त. कुठे तिसरा.

मुकुंद उजळले. त्यांनी शेवटच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं : स्मोक अलार्म.

"हे मूळ कारण! अलार्म नसता तर फेऱ्या वाढल्या नसत्या. फेऱ्या नसत्या तर ओळख नसती. उपाय : यापुढे हवन फक्त गच्चीवर."

"म्हंजी ब्रह्मचर्य भोंग्यानं मोडलं," बाळाजी म्हणाले. "आनि पोरगी कोन?"

"भाऊ!"

"मी सांगतो," अवधूत घसा साफ करत म्हणाला. "प्रायश्चित्त घ्यायचं तर सगळंच—"

"अजिबात नाही!" मुकुंदनी हात आडवा केला. "एक नाव आलं की सगळं ॲनालिसिस बाद. आम्हाला ऐकायचंच नाही."

अवधूतला इतकं हलकं आठवड्यात पहिल्यांदाच वाटलं. आपलं पाप मोकळं सांगता येईल आणि सलोनीचं नाव कुठेच येणार नाही. पद्धत चांगली आहे, असं त्याला वाटलं.

सलोनी म्हणजे अकराव्या मजल्यावरची. भोंगा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा स्टुलावर चढून त्या यंत्राला अंघोळीची टोपी घालणारी. चाकणच्या एका कारखान्यात डाय, म्हणजे साचे, डिझाइन करायची, त्याच्याहून वर्षाने मोठी. "तुमचा देव बहिरा आहे की आमचा अलार्म तिखट आहे?" हे तिचं पहिलं वाक्य. पुढचं दोघांचं होतं. ते फळ्यावर आलं नाही.

तिसरं का : गाढव का?

कारण शास्त्रात गाढव आहे.

गुरुजींनी नाइलाजाने वाचून दाखवलं. अवकीर्णीने चौकात निर्ऋती देवतेला काणं गाढव बळी द्यावं. मग त्या गाढवाचं कातडं पांघरून, केस बाहेरच्या बाजूला ठेवून, सात घरी आपलं कर्म बोलून भिक्षा मागावी. असं वर्षभर.

मृदुलाताईंनी पेनला टोपण लावलं.

"एका डोळ्याचं," बाळाजी म्हणाले. "हितं दोन डोळ्यांचं मिळंना. वीटभट्ट्या गेल्या, गाढवं गेली. कंपन्या आल्या म्हना."

"प्राण्याला हात लावायचा नाही," मृदुलाताई म्हणाल्या. "फोटो बाहेर गेला तर मी कुठल्याच ग्रुपवर तोंड दाखवू शकणार नाही."

"पिठाचं चालतं," गुरुजी म्हणाले. "कलियुगात सगळं पिठाचं चालतं."

"आणि वर्षभराचं?"

"वर्षभराचं एका रविवारात बसवू," मुकुंद म्हणाले. "फास्ट ट्रॅक."

गाढव केसरबाईंनी केलं. त्या पाठशाळेचा स्वयंपाक करतात. कणकेचा गोळा घेऊन त्यांनी विचारलं, "बसलेलं करू का उभं? उभं ऱ्हायचं न्हाई, कणिक सैल हाय." म्हणून बसलेलं झालं. कान लांब काढले तर ससा दिसायला लागला, आखूड केले तर कुत्रं. एका बाजूला लवंग टोचली, दुसरी बाजू कोरी ठेवली. मुलं बघून गेली. कुणी म्हणालं डुक्कर, कुणी गणपतीचा उंदीर. केसरबाई म्हणाल्या, "ज्याचं पाप त्याला कळलं म्हंजी झालं."

कातडं मुकुंदनी आणलं. त्यांच्या कारखान्यात आलिशान गाड्यांच्या सीटसाठी करड्या रंगाचं केसाळ कापड यायचं. त्याचं जाकीट शिवून घेतलं, केस बाहेर. शिलाई दुहेरी होती. मुकुंदनी ओढून दाखवली.

बळी रात्री द्यायचा असतो, पण रात्री चौकात कंटेनर जास्त, म्हणून सकाळ ठरली. चाकणच्या तळेगाव चौकात मुकुंद आणि बाळाजी चमकणारी केशरी जाकिटं घालून उभे राहिले. कडेला प्लास्टिकचे दोन शंकू. मधे गुरुजी आणि केसाळ अवधूत, हातात डबा.

वाहतूक हवालदार आले.

"काय आहे डब्यात?"

"गाढव," अवधूत म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

हवालदारांनी डबा उघडून पाहिला. "हे गाढव?"

"काणं आहे," गुरुजी म्हणाले.

"अन् तुमी रस्त्याचं सर्वेक्षणवाले का?"

"व्हय," बाळाजींनी मधेच सांगून टाकलं.

"मग खड्ड्याचं बघा ना राव. गाढव काय बघता."

मागे दोन ट्रेलर आणि एक कर्मचाऱ्यांची बस खोळंबली होती. बसमधून कुणीतरी ओरडलं, "अय, शिफ्ट चुकंल भावा, पूजा कडंला घ्या!" गुरुजींनी अर्धा मंत्र म्हटला. उरलेला अर्धा भोंग्यांत गेला. अवधूतने गाढव दुभाजकावर ठेवलं, सुरी लावली. तेवढ्यात ट्रेलर हलला आणि हवेच्या झोताने पुढचं अर्धं गाढव रस्त्यावर पडलं, मागचं अर्धं सुरीला चिकटून राहिलं.

"स्वीकारलं," मुकुंद म्हणाले. "चला."

अवधूतने डोळे मिटून हलक्या आवाजात एक ऋचा म्हणून पाहिली. स्वर लागला नाही. घरं राहिलीत म्हणून असेल, असं त्याने ठरवलं.

चौथं का : सातच घरं का?

"सॅम्पल," मुकुंद म्हणाले.

घरं त्यांनीच निवडली होती. आपल्याच टॉवरमधली, पाठशाळेने वास्तुशांती केलेली आणि ज्यांनी अभिप्राय उत्तम दिला होता अशीच. अनोळखी दारात पाप सांगायचं म्हणजे धोका. यादी त्यांच्या फोनमध्ये होती आणि त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. आधी कळलं तर तपासणीला अर्थ काय?

गेटवर सुरक्षारक्षक.

"येण्याचं कारण काय टाकू? डिलिव्हरी, पाहुणे, घरकाम, दुरुस्ती."

"प्रायश्चित्त," अवधूत म्हणाला.

"ते ॲपमधी न्हाई."

"डिलिव्हरी टाका," मुकुंद म्हणाले आणि फोनचा कॅमेरा चालू केला. पुरावा हवा. गुरुजी खालीच बाकावर बसले. त्यांचे गुडघे दुखत होते, निदान त्यांनी तसं सांगितलं.

पहिलं घर. अर्ध्या चड्डीतला माणूस, कानाला हेडफोन. "एक मिनिट, म्यूट करतो. हं, बोला."

"मी अवकीर्णी. मी ब्रह्मचर्य मोडलं. भिक्षा वाढा."

"ओके. कांदा-लसूण चालतं?"

दुसरं घर. बाई हळहळल्या. "किती वर्षांचा कोर्स होता? बारा? आणि शेवटच्या वर्षाला घालवलं? आमच्या प्रज्वलचं हेच. सातव्या सेमिस्टरला सोडून आला. थांब, त्याला बोलावते, तूच सांग काहीतरी."

तिसरं घर. गृहस्थांनी दार ओढून घेतलं, बाहेर आले, आवाज खाली आणला. "मुलगी नोकरी करते का? मग घाबरतोस कशाला?"

चौथं घर. नवीन जोडपं. त्यांना वाक्य नीट कळलं नाही, पण काहीतरी घडून आलंय एवढं कळलं. त्यांनी अभिनंदन करून पेढा दिला.

पाचवं घर. दार उघडलंच नाही. घंटीतून आवाज आला, "बाहेर ठेवा."

"मी ठेवायला नाही आलो. न्यायला आलोय."

"मग रिटर्न टाकलं नव्हतं आम्ही."

सहावं घर. निवृत्त मुख्याध्यापक. वाक्य ऐकताच ते थरथरायला लागले. "लाज नाही वाटत?"

अवधूतचा चेहरा उजळला. पापाला पाप म्हणणारा माणूस दिवसभरात पहिल्यांदा भेटला होता.

"वाटते," तो म्हणाला.

"आमच्या वास्तुशांतीला तुम्ही आलात तेव्हा ब्रह्मचर्य शाबूत होतं की मोडलेलं? तारीख सांगा! मोडलेलं असेल तर पूजा परत करून द्या. गेल्या महिन्यापासून आमचा गीझर चालत नाहीये."

मुकुंद मधे पडले. शाबूत होतं, असं त्यांनी संस्थेच्या वतीने सांगितलं. भिक्षेच्या वाडग्यात आता मूठभर पोहे, पेढा आणि कुणीतरी टाकलेलं पिझ्झाच्या मसाल्याचं पाकीट होतं.

लिफ्टमध्ये मुकुंदनी बटण दाबलं. अकरा.

"कुणाचं घर?" अवधूतने विचारलं.

मुकुंदनी फोन पुढे धरला. देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यात काम करणारे गृहस्थ, पत्नी, एक मुलगी. अभिप्राय : पाच तारे. 'गुरुजी अतिशय मनापासून करतात. पुन्हा पुन्हा येऊनही कंटाळले नाहीत.'

"हे नको. दुसरं द्या."

"का?"

अवधूतने वाडगा या हातातून त्या हातात घेतला.

"कारण सांग. कारण असेल तर बदलतो."

कारण म्हणजे नाव होतं. सांगितलं तर लिफ्टमध्येच सगळं उघडं. न सांगावं तर दार येणारच. त्याने हिशेब केला : वाक्य पटकन म्हणायचं, मूठ घ्यायची, निघायचं. तिचं नाव त्यात नाही. मग सात पूर्ण, स्वर परत, परीक्षा. इतक्या वर्षांचं काहीच वाया जायचं नाही.

लिफ्टचं दार उघडलं.

पाचवं का

सलोनीनेच उघडलं. तो यायचा थांबला त्याला पंधरवडा झाला होता. फोन त्याच्याकडे नव्हता, पाठशाळेत तिला जाता येत नव्हतं. पहिल्या क्षणी तिचा चेहरा फुलला. मग तिने जाकीट पाहिलं, वाडगा पाहिला, मागे कॅमेरा धरून उभे असलेले सातव्या मजल्यावरचे मुकुंदकाका पाहिले.

"हे काय घातलंयस?"

"सलोनी, तू त्याच्याशी बोलायचं नाही," मुकुंद म्हणाले. "तो एक वाक्य म्हणेल. तू मूठभर तांदूळ घाल, की झालं. छोटीशी प्रक्रिया आहे."

"कसलं वाक्य?"

अवधूत खाली बघत होता.

"म्हण की," ती म्हणाली.

"मी अवकीर्णी..."

"मराठीत."

"मी ब्रह्मचर्य मोडलं. माझ्या हातून पाप घडलं. भिक्षा..."

"हे किती घरी सांगून आलास?"

"सहा. खालचे देशपांडे, गीझर बंद पडलेले सर, आणखी चार."

"माझ्याबद्दल?"

"तुझं नाव नाही घेतलं. कुठेच. शपथ."

"नाव नाही घेतलं म्हणजे मी नव्हते का तिथे? एकट्यानेच मोडलंस?" तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "खालच्या देशपांड्यांना माहीत. त्या गीझरवाल्या सरांना माहीत. तुझं पाप म्हणून. मला का नाही विचारलंस, अवधूत?"

त्याने उत्तर शोधलं. प्रायश्चित्ताचा सगळा भाग त्याला पाठ होता, शब्दाशब्दाने, मागून पुढून. गाढव होतं, किती डोळ्यांचं ते होतं. चौक होता, देवता होती, कातड्याचे केस कुठल्या बाजूला हे होतं. घरं किती, हे होतं. ती त्यात नव्हती. इतक्या वेळा म्हणूनही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मुकुंदच्या हातातला फोन हळूहळू खाली आला. त्यांनी सलोनीकडे पाहिलं, अवधूतकडे पाहिलं, पाच ताऱ्यांकडे पाहिलं. या घरची वास्तुशांती त्यांनीच ठरवून दिली होती. तिन्ही वेळा.

"अवधूत," ते कुजबुजले, "वाक्य संपव. एकच शब्द राहिलाय. मी कॅमेरा बंद करतो. सात झाली असं लिहू, इथेच क्लोज करू, कुणाला काही कळणार नाही. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे."

"नाही म्हणणार."

"सहा घरांवर शुद्धी होत नाही!"

"माहीत आहे."

"परीक्षेला बसवता येणार नाही मग. संस्था जबाबदारी घेणार नाही. इतकी वर्षं, अरे!"

"तीही माहीत आहेत." त्याने जाकिटाची चेन ओढली. अर्ध्यात अडकली. दुहेरी शिलाई. शेवटी डोक्यावरून काढलं, मुकुंदच्या हातात दिलं. वाडगाही दिला. मग सलोनीकडे वळला. "विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं." ती हसली नाही. दारातून बाजूलाही झाली नाही.

आतून तिचे वडील आले, हातात वर्तमानपत्र. "कोण गं? अरे, अवधूत गुरुजी! या, या. बाहेर का? मुकुंदराव, तुमच्या हातात हे काय, सीट कव्हर?"

"नमुना आहे," मुकुंद म्हणाले आणि लिफ्टकडे चालू लागले. वाडग्यातला पेढा हलत होता.

"बाबा, ह्याला काहीतरी सांगायचंय," सलोनी म्हणाली. "मलाही सांगायचंय. आईला बोलवा." मग अवधूतला, "आत ये. पण ते पोथीतलं वाक्य माझ्या घरात नको."

तो सोफ्याच्या काठावर बसला. आई हात पुसत येऊन उभी राहिली. वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि चष्मा कपाळावर चढवला. हवामान, भोंग्याची तक्रार, गच्चीतली गळती, यातलं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी दिसत होती.

"काका," अवधूत म्हणाला, "मी... म्हणजे सलोनी आणि मी... मी तिला..."

थांबला. परत सुरू केलं. शब्द मागेपुढे झाले, क्रियापद आधी आलं, मधेच एक संस्कृत शब्द घुसला तो त्याने गिळला. आईने खुर्चीची पाठ धरली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मीच पहिल्यांदा..."

"असं नव्हतं," सलोनी म्हणाली. ती त्याच्या शेजारी नाही, समोर बसली होती. "आधी मी म्हटलं होतं. नीट सांग."

अवधूतने पहिल्यापासून सुरुवात केली.